दोन नंबर सोडा

मोलापोंगच्या वीजकेंद्रात माथुसो ‘उघडा’ हा शब्द कधीच उच्चारत नसे, आणि सहा वर्षांत त्यावाचून तिचं काही अडलं नव्हतं.

कारण साधं होतं. तिच्या सासऱ्याचं नाव बुलाने, आणि सेसोथोत, म्हणजे त्या डोंगरी मुलखाच्या भाषेत, ‘उघड’ म्हणायचं तर ‘बुला’ म्हणावं लागतं. नवऱ्याचं नाव एक वेळ चुकून तोंडातून गेलं तर लोक हसतात आणि विसरतात. सासऱ्याचं नाव मात्र सुनेच्या ओठांवर यायचं नाही, आणि त्या नावासारखा ऐकू येणारा शब्दही नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती चुलीपाशी बसल्या बसल्या नणंदेला ‘दार उघड गं’ म्हणाली होती. त्यापायी तिच्या बापाला डोंगर ओलांडून दंडाची एक मेंढी घेऊन यावं लागलं, आणि सासूने ती मेंढी खातानासुद्धा तोंड वाकडंच ठेवलं. तेव्हापासून दार ‘सारायचं’ आणि पेटीचं झाकण ‘वर करायचं’. सासूचा नियम तर त्याच्याही पुढचा. ‘बुका’ म्हणजे वही, तर तेही नको, कारण सुरुवात तीच! मग माथुसो वहीला ‘लिहायची’ म्हणू लागली. घरात हे सगळं निभतं. माणसं समजून घेतात, नाहीतर निदान टोमणे मारून मोकळी होतात.

वीजकेंद्रात हा शब्द टाळणं म्हणजे मिठाशिवाय स्वयंपाक करणं. तिथे दर तासाला काहीतरी उघडायचं असतं. शिवाय तिथला अर्थ घरातल्याच्या उलटा. घरी नळ उघडला की पाणी येतं. इथे खटका उघडला की वीज जाते, कारण उघडणं म्हणजे दोन पात्यांमध्ये फट पाडणं. खटका लावला की वीज वाहते. नवखी माणसं इथेच गोंधळतात, म्हणून ‘चालू’, ‘बंद’ असले घरगुती शब्द कामावर चालत नाहीत. ‘उघडा’ आणि ‘लावा’, एवढेच दोन. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं, पण डोंगरातल्या लाइनमनच्या तोंडात सेसोथोच होती.

माथुसोने ‘उघडा’च्या जागी ‘सोडा’ हा शब्द पकडला. “एक नंबर सोडा,” ती म्हणायची. पलीकडचा “सोडला” म्हणायचा, आणि काम व्हायचं. साहेबांनी पहिल्या वर्षी दोनदा टोकलं. तिसऱ्यांदा ते स्वतःच वायरलेसवर ‘सोडा’ म्हणून गेले आणि विषय तिथेच मिटला. आता यात चूक कोणाची म्हणायची? सगळ्यांनी मिळून सवय लावून घेतली, आणि सवयीला कोणी विचारत नाही की तू बरोबर का चूक.

तिला ही नोकरी मिळाली ती सासऱ्यामुळेच. बुलाने तीस वर्षं तारांवर काम करणारा माणूस, आता त्या भागातल्या टोळीचा मुकादम. “माझ्या सुनेचं शिक्षण झालंय,” तो साहेबांना म्हणाला होता, “तिला चुलीच्या धुरात का ठेवू? काट्यांसमोर बसवा. नजर चांगली आहे तिची.” तीन खोऱ्यांत त्याला दिवसातून वीस वेळा ‘बुलाने, बुलाने’ अशा हाका पडत. ती एकटीच त्याला ‘थुसोचे आजोबा’ म्हणायची. थुसो तिचा पाच वर्षांचा मुलगा. वायरलेसवर तर तेही नाही. नुसतं ‘न्ताते’, म्हणजे कुठल्याही बाप्याला म्हणायचं ते, बाईला ‘म्मे’ म्हणतात तसं, पण आवाज जरासा खाली आणून. तो ओळखायचा. तो केंद्रात आला की ती कांबळं डोक्यावर ओढून पॅनेलच्या मागच्या बाजूने निघून जायची. यात भीती नव्हती. माथुसोला तो माणूस आवडायचा. तिच्या स्वतःच्या बापाने तिच्याबद्दल इतकं चांगलं कोणाला सांगितलं नव्हतं.

हिवाळा ऐन भरात होता, जुलैचा दुसरा आठवडा; दक्षिण गोलार्धात थंडी याच दिवसांत पडते. तीन दिवस बर्फ पडून थांबलं होतं, आणि बर्फाच्या वजनाने तारांची पार दैना झाली होती. जिल्ह्यात पाच टोळ्या बाहेर पडल्या होत्या, सगळ्या एकाच वायरलेसवर. सकाळपासून त्यांचा कलकलाट चालला होता. कोणाची गाडी रुतली, कोणाला खिळे कमी पडले, कोणी कोणाच्या बायकोच्या हातच्या आंबिलीची थट्टा करतंय.

दोन नंबरच्या लाइनवर हा-राकोतोच्या घळीपाशी एका खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर फुटला होता. तार खांबाच्या आडव्या लाकडावर नुसती टेकून होती. वीज वाहतच होती, पण तार कधी खाली येईल याचा नेम नव्हता, आणि खालून पायवाट जात होती. मेंढरं, शाळेची पोरं, सगळ्यांची वाट तीच. हे काम बुलानेने स्वतःकडे घेतलं. सोबत सेइसो नावाचा खालच्या मैदानी मुलखातून दोन दिवसांसाठी आलेला चाळिशीचा लाइनमन. तारेत वीज आहे की नाही ते सांगणारी काठी जिल्ह्यात एकच धड उरली होती, आणि ती वरच्या टोळीकडे होती. अर्थिंगची साखळी गाडीत होती, पण ती तारेला अडकवायची तर आधी खांबावर चढायलाच हवं. म्हणजे मोलापोंगहून जो शब्द येईल, त्याच्यावरच सगळं.

त्या लाइनला वीज दोन्ही टोकांनी यायची. एक टोक माथुसोच्या समोर, पॅनेलवर. दुसरं मफोकोंग फाट्यावर, जिथे मैदानातून येणारी मोठी लाइन मिळते. तिथे एका खांबावर तीन खटके, प्रत्येकाला कुलूप लावलेला लोखंडी दांडा. अकरा वर्षं तिथे लेबेको होता. लेबेकोला माथुसोची भाषा पाठ होती. पण लेबेकोचा काका वारला, आणि तो मातीला गेला. त्याच्या जागी तीन दिवसांपूर्वी फोका नावाचा माणूस आला होता. माथुसोने त्याला पाहिलं नव्हतं. आवाजावरून फार अदबशीर वाटायचा.

पावणेनऊ वाजता तिने बटण दाबलं.

“मफोकोंग फाटा, मफोकोंग फाटा. मोलापोंग बोलतेय.”

“बोला म्मे! फोका हजर आहे.”

“न्ताते फोका, नीट ऐका. दोन नंबर सोडा.”

थोडा वेळ नुसती खरखर.

“दोन नंबर सोडा? असंच ना?”

“हो. सोडा.”

“बरं म्मे. सोडला.”

लेबेकोला चार मिनिटं लागायची. कुलपात बर्फ भरलेलं असायचं, दांडा जड, आणि काम झाल्यावर तो दांड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याशिवाय ‘सोडला’ म्हणत नसे. फोकाने एका श्वासात उत्तर दिलं. तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. ती चुकचुकली नाही. नवा माणूस आहे, उत्साही आहे, दांड्याला हात लावूनच उभा असेल, असं तिला वाटलं. माणसाला जे सोयीचं असतं तेच वाटतं.

मग तिने आपल्या टोकाचा ब्रेकर काढला. काटा शून्यावर आला. तिने ‘लिहायची’त वेळ टाकली आणि बटण दाबलं.

“न्ताते.” आवाज खाली. “दोन नंबर दोन्हीकडून मेली आहे. काम करा.”

“ऐकलं,” बुलाने म्हणाला. तो तिच्याशी एवढंच बोलायचा.

तिने थर्मासमधली ज्वारीची आंबील कपात ओतली. हात शेकले. बाहेर नदीच्या कडेने बर्फाचा काठ धरला होता, आणि दोन यंत्रांपैकी धाकटं तेवढं घरघरत होतं. थोरल्याला पुरेल इतकं पाणी हिवाळ्यात नसतंच. नऊ वाजून पाच मिनिटांनी तिचा मोबाइल वाजला. सासू होती.

“अगं, थुसोच्या खोकल्याचं औषध कुठे ठेवलंयस? घरून मावशीचा निरोप आलाय, पोरगं खोकतंय म्हणून!”

सासू ओरडत होती. मागे प्रचंड घरघर चालली होती.

“फळीवर आहे, म्मे. चहाच्या डब्यामागे.”

“काय? मोठ्याने बोल! तू नेहमी उंदरासारखं बोलतेस!”

“फळीवर! तुम्ही आहात कुठे?”

“कुठे म्हणजे? हा-राकोतोला, गिरणीत! सहा वाजल्यापासून मक्याचं पोतं घेऊन उभी आहे. पुढे अजून दोघीजणी. त्यातली एक तर बाई, चार पोती घेऊन आलीय, जशी काही अख्ख्या गावाची उकड हीच रांधणार आहे…”

माथुसो हसली. आणि मग हसू ओठांवरच राहिलं.

“म्मे, गिरणी चालू आहे?”

“नाहीतर काय मी हाताने दळतेय?”

“डिझेलवर ना? डिझेलच्या इंजिनावर चाललीय ना?”

“इंजिन केव्हाच विकलं त्या हावरटाने, मार्चमध्येच. तुमच्या विजेवरच चाललीय. का गं? जायची आहे का वीज? माझं दळण होऊ दे हं आधी!”

हा-राकोतोची गिरणी दोन नंबरवर होती.

माथुसोने फोन टेबलावर ठेवला, तो तोडायचंही तिला सुचलं नाही. दोन नंबर मेली असती तर गिरणी गप्प असती. मोलापोंगचं टोक तर तिने स्वतःच्या हाताने काढलं होतं. म्हणजे वीज फाट्यावरून येत होती. म्हणजे फोकाने खटका उघडलाच नव्हता. ‘सोडला,’ तो म्हणाला होता. सोडला. त्याने दोन नंबर सोडून दिला होता! हात न लावता, सांगितलं तसा, अगदी आज्ञाधारकपणे. आणि तिचा सासरा तिच्या शब्दावर खांबावर चढत होता.

“मफोकोंग फाटा! मफोकोंग! न्ताते फोका!”

खरखर. फोका वायरलेसपाशी नव्हता.

“न्ताते!” ती ओरडली. “न्ताते, चढू नका! तार जिवंत आहे!”

“कोण न्ताते?” भलत्याच टोळीतला कोणी विचारत होता. “आम्ही आत्ताच उतरलोय. आमची तार पण जिवंत आहे का?”

“तुम्ही नाही! घळीतले… दोन नंबरवरचे न्ताते!”

“दोन नंबर म्हणजे कुठली दोन नंबर? आमच्या खोऱ्यात पण दोन नंबर आहे.”

“थुसोचे आजोबा!” तिचा आवाज चिरकला. “थुसोच्या आजोबांना खाली उतरवा!”

कोणीतरी खदखदून हसलं. “कोणाचे आजोबा? बाई, आजोबा कुठे चढले? झाडावर?”

“चॅनेल मोकळा ठेवा,” जिल्ह्याचे साहेब मध्येच खेकसले. “घरच्या गप्पा घरी. मी वरच्या टोळीशी बोलतोय.”

मग एक नवा आवाज आला, वाऱ्यात फाटणारा. “सेइसो बोलतोय, हा-राकोतोवरून. इथे थुसो नावाचं कोणी नाही, म्मे. आम्ही दोघेच आहोत. म्हातारा वर गेलाय. आडव्या लाकडापाशी पोचलाय. साखळी लावायला घेतलीय.”

सेइसो मैदानातला. त्याला थुसो कोण हे कसं ठाऊक असणार? त्याला सांगायला तिला पाच शब्द पुरले असते : सेइसो, तुझ्या म्हाताऱ्याला खाली ओढ. पण भीतीने माणसाला पाच शब्द सापडत नाहीत. तिला एकच दिसत होता, आणि तो घशात येऊन अडकला होता. जिभेला हाड नसतं म्हणतात. माथुसोच्या जिभेला त्या वेळी होतं. असं नाही की ती रूढीचा आणि जिवाचा तराजू घेऊन बसली होती. मेंढी आठवली नाही, सासू आठवली नाही. नुसती जीभच वळेना. सहा वर्षं त्या जागी जी भिंत घातली होती, ती आता पाडायची म्हटली तरी पडेना. किती वेळ गेला? दोन श्वास असतील. तिला पुढे कित्येक दिवस ते दोन श्वास मोजावेसे वाटले, आणि मोजायची हिंमत झाली नाही.

आणि मग ते निघालं.

“बुलाने!”

वायरलेसवरचा सगळा कलकलाट थांबला. हसणाराही गप्प झाला.

“बुलाने! हात लावू नका! बुलाने!”

तिने बटण सोडलं. पलीकडून काहीच आलं नाही. सेइसो नाही, साहेब नाही, कोणी नाही. तिने काट्यांकडे पाहिलं. दोन नंबरचा काटा शून्यावर होता. तिचं टोक तिनेच तोडलं होतं, तो काटा तिला आता काहीही सांगू शकत नव्हता. तिथे, घळीत, माणूस जळाला असता तरी हा काटा हलला नसता. टेबलावरच्या मोबाइलमधून गिरणीची घरघर तेवढी येत होती, आणि ती घरघर थांबत नव्हती. तिला वाटलं, ओरडायला आपल्याला उशीर झाला. तिला वाटलं, आपण त्याला मारलं. हे तिने मनात स्वच्छ शब्दांत म्हटलं : मी थुसोच्या आजोबांना मारलं.

“मोलापोंग.” सेइसोचा आवाज होता. त्याला धाप लागली होती.

“बोला! बोला ना!”

“उतरला. उतरला काय, घसरतच आला. खाली बर्फात बसलाय.”

“वीज लागली?”

“नाही, नाही. साखळी हातातून खाली पडली त्याच्या. तारेला लागलीच नाही. तळहात सोलवटलेत फक्त. पण म्मे…” सेइसो अडखळला. “तो विचारतोय, कोण गेलं?”

“काय?”

“तो एकच धरून बसलाय. ‘विचार तिला, घरात कोण गेलं?’ मी काय सांगू?”

माथुसोला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. सुनेच्या तोंडून आपलं नाव ऐकून त्या माणसाला तारेची आठवणसुद्धा झाली नव्हती. त्याला वाटलं होतं, थुसो गेला. दुसऱ्या कशासाठी ती हे नाव घेईल?

“कोणी नाही,” ती म्हणाली. “सांगा त्यांना, सगळे ठीक आहेत. पोरगं खोकतंय फक्त. तार जिवंत आहे. कोणीही जवळ जाऊ नका.”

तेवढ्यात फाट्यावरून अदबशीर आवाज आला. “म्मे, फोका हजर आहे. माफ करा, शेगडीसाठी लाकडं आणायला गेलो होतो. मला बोलावलंत?”

“न्ताते फोका,” माथुसो म्हणाली, “दोन नंबर उघडा.”

शब्द गेला. आता त्याचं काय एवढं!

“उघडू? पण मघाशी तर तुम्ही म्हणालात, सोडा. मी सोडला. हात नाही लावला, म्मे, शपथेवर सांगतो. मला बजावलं होतं, ‘उघडा’ किंवा ‘लावा’ म्हटल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही.”

“तुमचं बरोबर आहे. माझं चुकलं. आता उघडा. दांडा पूर्ण खाली. कुलूप घाला. मग मला सांगा.”

चार मिनिटं लागली. लेबेकोला लागायची तेवढीच. ती उभ्यानेच टेबलाची कड धरून होती. मग मोबाइलमधली घरघर जड झाली, मंदावली, आणि थांबली. गिरणीतल्या बायकांचा गलका ऐकू आला. कोणीतरी वीज कंपनीच्या नावाने शिव्या दिल्या.

“उघडला म्मे,” फोका म्हणाला. “कुलूप घातलंय.”

“ऐकलं,” माथुसो म्हणाली.

मोबाइलमधून बारीक आवाज येत होता. तिने तो कानाला लावला. सासू पूर्ण वेळ तिकडेच होती.

“माथुसो.” आता सासू ओरडत नव्हती. “तू मघाशी कोणाचं नाव घेतलंस?”

“म्मे, तार जिवंत होती. माझ्यामुळे. ते वर होते.”

पलीकडचा गलका मागे पडला; सासू गिरणीबाहेर आली.

“उतरला का?”

“उतरले.”

“कितीदा घेतलंस?”

“तीनदा.”

“तीनदा!” सासू म्हणाली, आणि फोन बंद झाला.

दुपारी साहेबांचा फोन आला. त्यांनी काय झालं ते विचारलं आणि तिने जसं होतं तसं सांगितलं. स्वतःला सांभाळून घेणारं एकही वाक्य मध्ये घातलं नाही. साहेब तिला रागावले नाहीत. त्यांना कदाचित आपला स्वतःचा ‘सोडा’ आठवला असेल. उद्या लेखी द्या, एवढंच ते म्हणाले. नोकरी जाईल की राहील हे त्यांच्या आवाजावरून कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर माथुसोच्या मनात तो प्रश्न नव्हताच. तिच्या मनात एकच होतं. संध्याकाळी तो माणूस घरी येईल. त्याच्या पुढ्यात ताट ठेवायचं आहे. कसं ठेवू?

पण तो घरी गेलाच नाही. दुरुस्ती उरकून साडेचारला सरळ केंद्रात आला. पुढच्या पाळीचा माणूस यायला अजून अर्धा तास होता. माथुसोने गाडीचा आवाज ओळखला, कांबळं डोक्यावर ओढलं आणि पॅनेलच्या मागे वळली.

“थांब,” बुलाने दारातून म्हणाला.

ती पाठमोरीच थांबली. त्याने खुर्ची ओढली. खुर्ची भिंतीकडे तोंड करून लावली आणि तिच्याकडे पाठ करून बसला, तेव्हा ती वळली. त्याच्या दोन्ही तळहातांना फडकी गुंडाळलेली होती. म्हातारा एका दिवसात वाळल्यासारखा दिसत होता.

“तुझी सासू फोनवर म्हणाली, तीन मेंढ्या,” तो भिंतीला म्हणाला. “म्हटलं, माझ्याच कळपातल्या घे. तुझ्या बापाला एवढ्या बर्फात कशाला चालवायचं?”

तिला हसावं की रडावं कळेना. “न्ताते, माझं चुकलं,” ती म्हणाली. “मी तुम्हाला…”

“ते मला माहीत आहे. मी पण सहा वर्षं ऐकत होतो ना? तू ‘सोडा’ म्हणायचीस आणि मला बरं वाटायचं. सून मान ठेवते म्हणून. लोकांत सांगायचो मी. मूर्खपणा केला आपण दोघांनी. माझा मोठा, मी जुना माणूस.”

बाहेर धाकटं यंत्र घरघरत होतं.

“आता मी फोका,” बुलाने म्हणाला. “मफोकोंग फाट्यावर उभा आहे. दे हुकूम.”

“न्ताते, नको.”

“फोका हजर आहे, म्मे. बोला.”

तिने कांबळ्याची कड घट्ट धरली. सकाळी भीतीने निघालेला शब्द आता शांतपणे काढायचा होता, आणि हे सकाळपेक्षा अवघड होतं. “दोन नंबर…” ती म्हणाली. “दोन नंबर… सोडा.”

“सोडला,” म्हातारा भिंतीला म्हणाला. “मेला तुझा सासरा. पुन्हा म्हण.”

“दोन नंबर उ…”

“खरखर आहे, म्मे. ऐकू येत नाही.”

“दोन नंबर उघडा.”

त्याची पाठ ताठ झाली. ती तिला दिसली. त्यालाही ते सोपं जात नव्हतं.

“उघडला,” तो म्हणाला. “पुन्हा.”

“दोन नंबर उघडा.”

“उघडला. पुन्हा.”

असं सात-आठ वेळा झालं. शेवटच्या दोन वेळा तिचा आवाज कापला नाही. मग बुलाने उठला, खुर्ची जागच्या जागी ठेवली आणि तिच्याकडे न पाहता दाराशी गेला.

“उद्यापासून हाच शब्द,” तो म्हणाला. “इथे, घरी, कुठेही. सासूचं मी बघतो.”

“आणि नाव?” तिने विचारलं. का विचारलं ते तिलाच कळलं नाही.

तो दारात उभा राहिला. फडकं गुंडाळलेला हात त्याने चौकटीला टेकवला.

“नाव नको घेऊस. मान म्हणून सांगत नाही. आज सेइसोने मला खालून चारदा हाक मारली होती, ‘बुलाने, थांब जरा, काहीतरी बोलतायत.’ मी थांबलो नाही. माझं नाव सगळेच घेतात, मी कुठे ऐकतो? तू घेतलंस, तर हात आपोआप सुटले.” त्याने घसा खाकरला. “ते तुझ्याकडे राखून ठेव. तारेचं काम आहे. पुन्हा लागेल.”

तो गेला. माथुसो पॅनेलपाशी तशीच उभी राहिली, आणि गाडीचा आवाज वळणापलीकडे विरून गेल्यावरच रडली.